सुट्या भागांची बखर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे ज्या कुणी म्हटले, त्याच्या काळी लॅमिंग्टन रोडला काँप्युटरचे सुटे भाग मिळत नव्हते. मिळत असते, तर म्हण तेवढ्यावर संपली नसती. मी घर बांधलेले नाही. डोंबिवलीतला आमचा ब्लॉक वडिलांनी बँकेच्या कर्जातून घेतला आणि मी त्यात आयता राहतो. लग्न केलेले आहे, पण त्यात पसंतीचे काम समोरच्या पक्षाने केले होते. तेव्हा एकेक भाग पारखून घेऊन घरी काँप्युटर जोडणे, हा माझ्या आयुष्यातला स्वतःच्या निवडीचा पहिलाच प्रसंग म्हणायचा.

निमित्त झाले एका कॅसेटचे. १९८८ च्या मे महिन्यात माझी मुंज झाली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचे ‘व्हिडिओ शूटिंग’ झाले. म्हणजे खांद्यावर तोफेसारखा कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्या मागे हजार वॅटचा दिवा धरलेला एक पोरगा. त्या गृहस्थाने पुढे सबंध कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली. मंगलाष्टकांवर गाणे, भिक्षावळीवर गाणे. फक्त मातृभोजनाच्या ठिकाणी एक गाणे संपून दुसरे सुरू व्हायला त्याला थोडा उशीर झाला. त्या फटीत आईचा आवाज राहून गेला आहे.

आई जाऊन चार वर्षे झाली. एका संध्याकाळी अप्पा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, “फोटो आहेत रे तिचे भरपूर. आवाज तेवढा त्या एका कॅसेटवर आहे.”

मी म्हटले, “स्टुडिओत देऊ या की. करून देतात.”

“कॅसेट घराबाहेर जायची नाही,” अप्पा म्हणाले. अप्पांनी छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. मूळ दस्तऐवज परक्याच्या हाती द्यायचा नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. मीही बँकेतच आहे, पण माझ्या बाबतीत ते अजून रक्तापर्यंत पोचलेले नाही.

“बाबा, आपण मशीन बिल्ड करू,” चिरंजीव म्हणाले. त्यांना संधीच हवी होती. “व्हिडिओ एडिट होईल, आजीच्या अल्बमचे फोटोही साफ होतील. तू फक्त पैसे दे.” आणि त्यांनी माझ्या हातात यादी ठेवली: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि मॉनिटर. एकूण आठ बाबी, आठ निरनिराळ्या कंपन्यांच्या.

आमच्या घरात मिक्सरचे झाकण दुसऱ्या मिक्सरला बसत नाही. इथे आठ कंपन्यांचे आठ भाग एकमेकांना बसणार कसे? “बसतात रे, स्टँडर्ड असतं,” एवढेच उत्तर मिळाले. पण पैसे माझे जायचे होते, आणि मी कॉमर्सचा पदवीधर. खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी खात्याचा मागचा इतिहास बघणे आले. तेव्हा आठ-चौदाच्या फास्टमध्ये, तीन माणसांच्या कोपरांमध्ये फोन धरून, मी हा इतिहास वाचला. त्याचा गोषवारा असा.

ज्या १९७५ साली लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा टॉकीजला ‘शोले’ लागला, त्याच सालच्या जानेवारीत अमेरिकेत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचा एक डबा झळकला. चारशे डॉलरच्या आत सुटे भाग घरपोच, जोडायचे ते तुम्हीच. त्याला कीबोर्ड नव्हता आणि पडदाही नव्हता. पुढे खटके आणि दिवे. स्मृती २५६ बाईट, म्हणजे या लेखातला हा एक परिच्छेदही तिच्यात मावायचा नाही. पण तरी लोकांनी ऑर्डरींचा पाऊस पाडला. त्याच मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी एका गॅरेजमध्ये अशा हौशी मंडळींचा ‘होमब्रू काँप्युटर क्लब’ भरला. तिथे येणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण होता आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘अ‍ॅपल’चा पहिला बोर्ड तयार केला. घरी काँप्युटर जोडणारा माणूस घरच्यांच्या शिव्या खातो, पण कधीकधी त्याचे बरेही होते, हे मी सौ.ला दाखवून दिले. “तुमचं व्हायचं वय गेलं,” ती म्हणाली.

परंतु भाग एकमेकांना बसण्याची खरी कथा १९८१ ची आहे, आणि तिचे कारण ऐकाल तर आपल्या सरकारी कामांविषयी तुम्हाला ममत्व वाटू लागेल. कारण एकच, घाई! आयबीएम ही मोठमोठ्या काँप्युटरांची अवाढव्य कंपनी. (आपल्याकडून तिने १९७८ साली गाशा गुंडाळला होता.) लहान काँप्युटरांचा बाजार हातचा जातोय असे दिसल्यावर तिने फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या आपल्या माणसांना वर्षभरात यंत्र काढायला सांगितले. इतक्या थोड्या वेळात सगळे घरी कोण करणार? म्हणून त्यांनी लग्नघर करते तेच केले. आचारी बाहेरचा, मांडव बाहेरचा, वाजंत्री बाहेरची. प्रोसेसर इंटेलचा घेतला, आज्ञावली मायक्रोसॉफ्टची घेतली. फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीची, आणि ती काढणारे जुगी टंडन हे तर मूळचे आपल्या इकडचे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी यंत्र बाजारात जाहीर झाले. इतरांना जोडभाग बनवता यावेत म्हणून आयबीएमने यंत्राची अंतर्गत रचना सांगणारे जाडजूड पुस्तकही विकायला ठेवले. आत पाच रिकाम्या खाचा ठेवल्या. तुमचे कार्ड आणा आणि बसवा.

एवढे सगळे उघडे टाकल्यावर स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे तिच्याकडे मुख्यतः एकच राहिले. ते म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा छोटासा प्रोग्रॅम, ‘बायोस’. त्याचा कॉपीराइट होता. टेक्सासमध्ये १९८२ साली निघालेल्या ‘कॉम्पॅक’ कंपनीने त्यावर तोड काढली. काही माणसांनी तो प्रोग्रॅम वाचायचा आणि तो काय काय करतो एवढेच कागदावर लिहायचे. ज्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या माणसांनी त्या कागदावरून नवा लिहायचा. आमच्या कॉलेजात याच पद्धतीने पास झालेली मंडळी आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. पण कायद्यात ही कॉपी ठरत नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकचे यंत्र जाहीर झाले आणि मग सगळ्या जगाने तोच मार्ग धरला. पुढे १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरवून दिले. बोर्डाची भोके कुठे आणि पॉवर सप्लाय केवढा, सगळे त्यात आले. आयबीएमने पुढे, २००५ साली, हा धंदाच विकून टाकला. पण तिच्या घाईत उघडे राहिलेले झाकण उघडेच राहिले. लॅमिंग्टन रोडवरचे दुकान आणि माझ्या हातातली यादी, दोन्ही त्या झाकणातून बाहेर पडलेली.

भाग बसतात याची खात्री झाली. आता कुठला किती भारी घ्यायचा हा प्रश्न आला, आणि तिथे बँकेतली नोकरी उपयोगी पडली. प्रोसेसर म्हणजे सही करणारा अधिकारी. रॅम म्हणजे त्याचे टेबल. जेवढे मोठे, तेवढी कागदपत्रे एकदम पसरता येतात. एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो टेंपररी कारकून. अक्कल बेताची, पण प्रत्येकाने एक छोटी बेरीज करायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी करायची. पॉवर सप्लाय म्हणजे कँटीन. त्याची आठवण कुणी काढत नाही, पण ते बिघडले की सगळी शाखा आडवी होते. आणि बँकेत बारा काउंटर उघडले तरी कॅशियर एकच असला तर रांग त्याच्याच गतीने सरकते. यंत्राचेही तसेच आहे. सर्वांत संथ भाग जो, त्याचा वेग तोच यंत्राचा वेग. बाकीच्यांवर केलेला खर्च ‘बुडीत’ खाती.

हिशेब केल्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून केला. आपल्याकडच्या व्हिडिओचे एक चित्र आकड्यांत उतरवले की आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, ठिपक्याला दोन बाईट. म्हणजे ८,२९,४४० बाईट. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे दोन कोटी सात लाखांच्या वर. न दाबता ठेवायचे तर तासाला सुमारे पाऊणशे गिगाबाईट. १९५६ साली आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची ५० लाख अक्षरे. अक्षराला एक बाईट धरला, तर माझ्या मुंजीची सहा चित्रे. पाव सेकंद. तेवढ्यात भटजींचा हात अक्षतांपर्यंतसुद्धा पोचायचा नाही.

म्हणूनच चित्रपट काँप्युटरवर जुळवण्याची कल्पना जुनी असूनही ती सामान्य माणसापर्यंत यायला इतका काळ लागला. १९७१ साली अमेरिकेत ‘सीएमएक्स ६००’ नावाचे यंत्र निघाले होते. कुठलाही तुकडा हवा तेव्हा उचलायचा, हवा तिथे लावायचा. पण चित्र कृष्णधवल, अंधुक, आणि किंमत श्रीमंतांनाही घाम फोडणारी. १९८९ मध्ये ‘अ‍ॅव्हिड’ आले. १९९१ मध्ये ‘प्रीमियर’ आले. वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६ चा चित्रपट अ‍ॅव्हिडवर जुळवला आणि त्यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा कात्री-डिंकवाल्यांचा विरोध मावळला. फोटोंचे म्हणाल तर थॉमस नोल या मिशिगनच्या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये पीएच.डी. करायची सोडून काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवायचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या ट्रिक दृश्यांच्या कंपनीत होता; त्याला तो आवडला. दोघांनी वाढवलेला तो प्रोग्रॅम १९९० च्या फेब्रुवारीत ‘फोटोशॉप’ नावाने बाजारात आला. अभ्यास सोडून भलतेच करणाऱ्या मुलांविषयीची ही हकीकत मी चिरंजीवांना मुद्दाम सांगितली नाही.

हे सगळे मी रोज रात्री जेवताना सांगत असे, आणि अप्पा वरण कालवत ऐकत असत. एकदा मी त्यांना छेडलेच. म्हटले, “अप्पा, तुम्ही तर काळ्या फिती लावून काँप्युटरविरुद्ध उभे होतात.”

ही गोष्ट खरी आहे. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली रिझर्व्ह बँकेला अहवाल दिला आणि मग शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. १९८९ साली त्याच रंगराजन यांचा दुसरा अहवाल आला. या सगळ्या काळात अप्पांच्या खिशाला काळी फीत आणि तोंडी घोषणा असे. आमच्या घरी तेव्हा कॅलक्युलेटरसुद्धा उशिरा आला. अप्पा त्याला ‘मॅनेजमेंटचा माणूस’ म्हणत.

अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, “यंत्राला विरोध नव्हता रे आमचा. एक दिवस एक बंद खोकं आणून ठेवलं. आत काय चालतं ते सांगायचं नाही, हात लावायचा नाही, आणि म्हणे तुमची बेरीज याच्यापुढे खोटी. राग त्याचा होता. तुझं ते पुस्तकासकट विकलेलं यंत्र असतं, तर निदान वाचून तरी बघितलं असतं.”

मी आयबीएमचा एवढा इतिहास वाचला होता, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

शनिवारी, बँकेला सुट्टी बघून, आम्ही बापलेक ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. म्हणजे पाटीवर म्हणतात. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली परत गेले, पण टॅक्सीवाल्यांना अजून कुणी ते कळवलेले नाही. एका गाळ्यात चिरंजीवांनी यादी वाचायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्डाशी आल्यावर शेठनी हात वर केला.

“साहेब, एडिट काय करणार?”

“मुंजीची कॅसेट,” मी म्हटले. “अठ्ठ्याऐंशीची.”

“व्हीएचएस?” शेठ चष्मा काढून माझ्याकडे बघू लागले. “हे कार्ड फोर-केसाठी. तुमच्या कॅसेटपेक्षा वीसपट ठिपके त्यात.” (घरी येऊन गुणाकार केला. बरोब्बर वीसपट. असा चोख आकडा बॅलन्सशीटमध्येही मिळत नाही.) “प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स येतात, व्हिडिओला तेच पुष्कळ. कार्डाचे पैसे वाचवा. रॅम बत्तीस घ्या, पॉवर सप्लाय चांगला घ्या, आणि फोटो करायचे तर मॉनिटर रंग खरे दाखवणारा घ्या. आणि साहेब, व्हीसीआर आहे ना चालू?”

बापलेक एकमेकांकडे बघू लागले. आठ भागांचा सबंध इतिहास मी वाचला होता. नववा भाग यादीतच नव्हता.

“नवीन मिळणार नाही,” शेठ शांतपणे म्हणाले. खरेच आहे. जपानमधली फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी उरली होती. तिने २०१६ च्या जुलैत काम थांबवले. ग्राफिक्स कार्ड रद्द झाले म्हणून चिरंजीव आणि व्हीसीआर नाही म्हणून मी, असे दोघेही गाडीत डोंबिवलीपर्यंत गप्प होतो.

घरी अप्पांना सांगितले. ते उठले, स्टूल घेतले आणि माळ्यावरून जुन्या चादरीत बांधलेले गाठोडे काढायला लावले. आत डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट मस्कतच्या मामांनी १९८६ साली आणलेला व्हीसीआर. सुरू केला तेव्हा घरघरला आणि थांबला. अप्पांनी स्क्रू काढून झाकण उघडले. आतला रबरी पट्टा वाळून चिरलेला. पुढच्या शनिवारी मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला. एका जुन्या दुरुस्तीवाल्याने पट्टा दिला, आणि वर शिकवलेही. वाचणारा ड्रम पुसायला कापूस वापरायचा नाही. मऊ शॅमॉय कातडे अल्कोहोलमध्ये भिजवून टेकवायचे आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. कातडे वरखाली घासले की हेड मोडते. आणि पहिल्यांदा लावायची ती टाकाऊ कॅसेट, आपली नव्हे. व्हीसीआरमधून येणारे चित्र आकड्यांत उतरवणारी एक छोटी डबीही त्याच फेरीत घेतली.

रविवारी आमच्या हॉलमध्ये एका चादरीवर दोन यंत्रे उघडी पडली होती. एकीकडे चिरंजीव मदरबोर्डाचे स्क्रू लावत होते, दुसरीकडे अप्पा पट्टा बसवत होते. मधूनमधून ते नातवाच्या यंत्रात डोकावून विचारत, “हे काय करतं रे?” आणि तो सांगत होता. मी दोघांना स्क्रू देत होतो. बी.कॉम. माणसाची इतिहासातली जागा साधारण तीच.

संध्याकाळी टाकाऊ म्हणून शेजाऱ्यांच्या लग्नाची कॅसेट लावून पाहिली. (शेजाऱ्यांची परवानगी होती, तीही आनंदाने दिलेली.) चालली. मग आमची लावली. आणि तेव्हा मला सर्वांत संथ भागाचा खरा अर्थ कळला. तीन तासांची कॅसेट आकड्यांत उतरायला तीनच तास लागतात. तुम्ही कितीही भारी प्रोसेसर आणा, टेप आपल्याच गतीने फिरणार. पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होते की माझा महागाचा प्रोसेसर जेमतेम चार टक्के काम करतो आहे. उरलेले शहाण्णव टक्के तो आमच्याबरोबर बसून मुंज बघत होता. त्याला घाई करावी असे घरात कुणालाच वाटत नव्हते.

मातृभोजन आले. गाणे संपले.

“अहो, तो लाइट जरा बाजूला घ्या ना. घामाघूम झालाय तो. जेवू दे की त्याला सुखानं.”

अकरा सेकंद. मग दुसरे गाणे सुरू झाले.

बराच वेळ कुणी बोलले नाही. सौ. उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आली. कॅसेट संपल्यावर अप्पा म्हणाले, “पुन्हा मागे घेऊ नकोस. जुनी टेप आहे, तुटेल.”

“मागे घ्यायला नको, आजोबा,” चिरंजीव म्हणाले. “आता ती इथे आहे.” त्यांनी ते अकरा सेकंद कापून वेगळे ठेवले आणि माउस आजोबांच्या हातात दिला. काळी फीत लावणाऱ्या त्या हाताने, लेजरमध्ये नोंद करताना ठेवावे तसे बोट जपून ठेवले आणि दाबले. मग पुन्हा दाबले. सात वेळा मी मोजले. मोजण्याची सवय आहे.

आठव्यांदा दाबण्यापूर्वी अप्पा थांबले आणि माझ्याकडे वळले. “हे एकाच ठिकाणी ठेवलंस?”

“हो.”

“डुप्लिकेट काढलेली नाही?”

“नाही अजून.”

“बँकेत आहेस ना तू?” अप्पा म्हणाले. “आणि दुसरी कॉपी या घरात नको. ताईकडे ठेवायची, ठाण्याला.”

पुढच्या शनिवारी मी पुन्हा ग्रँट रोडला उतरलो. शेठनी मला पाहून काहीही न विचारता हार्ड डिस्कचा खण उघडला.